कलाम, काउंटडाऊन आणि सही

१५ ऑक्टोबर जवळ आला की महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिनाची तयारी सुरू होते, आणि मोठ्यांच्या जगात डॉ. अब्दुल कलामांवरचा तोच जुना वाद पुन्हा डोकं वर काढतो. एक बाजू म्हणते, कलाम थोर शास्त्रज्ञ होते, ऋषितुल्य होते, त्यांच्याविषयी वावगा शब्द काढणारा करंटा. दुसरी म्हणते, कसले शास्त्रज्ञ? कोणता सिद्धान्त मांडला, कोणता शोध लावला? इंधन दुसऱ्यांनी बनवलं, अणुस्फोटाची रचना दुसऱ्यांनी केली, यांनी फक्त माणसं आणि वेळापत्रकं सांभाळली. मग पहिली बाजू मानद डॉक्टरेट मोजायला घेते, दुसरी शोधनिबंध मोजायला घेते, आणि दोन-चार दिवसांत सगळे दमून गप्प होतात. हा वाद वाईट रीतीने चाललाय असं माझं मत आहे. दोन्ही बाजू ज्या एका गोष्टीवर न बोलता एकमत आहेत, नेमकी तीच गोष्ट चुकीची आहे: शास्त्रज्ञ वरचा, अभियंता खालचा. एकाला कलामांना वर ठेवायचंय, दुसऱ्याला खाली आणायचंय. पायऱ्या मात्र दोघांनाही मान्य आहेत.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. कलाम मूलभूत संशोधन करणारे शास्त्रज्ञ नव्हते. ते अभियंते होते, अस्सल आणि फार मोठे. आणि राष्ट्रपती म्हणून त्यांचं मोल करायचं असेल तर ते अभियंत्याच्याच मापाने करायला हवं. म्हणजे काय फसलं, का फसलं, आणि पुढच्या वेळी त्यांनी काय बदललं. मुलांचं त्यांच्यावर प्रेम होतं हे खरं आणि सुंदर आहे, पण प्रेम हे काही माप नव्हे. त्याचप्रमाणे शोधनिबंध नव्हते हेही माप नव्हे.

डोक्याचं काम पवित्र आणि हाताचं काम दुय्यम, ही उतरंड आपल्या समाजात किती खोल गेलेली आहे हे वेगळं सांगायला नको. गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार यांच्याशिवाय एक दिवस पान हलत नव्हतं आणि तरी मान मिळायचा तो पोथी वाचणाऱ्याला. विज्ञान आपल्याकडे आलं तेव्हा आपण तीच उतरंड तिकडेही नेली. विश्वाचं गूढ उकलणारा तो शास्त्रज्ञ. झडप का अडकली हे रात्रभर शोधणारा तो कारागीर. विश्वेश्वरय्यांच्या बाबतीत निदान हा घोळ झाला नाही. पुण्यात शिकलेल्या, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केलेल्या, खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणाऱ्या त्या माणसाला आपण अभियंता म्हणूनच मानलं. पुढे १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते, १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, त्यांच्या जन्मदिवसाला आपण अभियंता दिन म्हणतो. त्यांनी कोणता सिद्धान्त मांडला असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मग कलामांनाच का विचारायचं? कारण आपणच त्यांना चुकीची पदवी दिली आणि मग त्या पदवीचा हिशेब त्यांच्याकडे मागितला.

विरोधकांच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते पुरतं मान्य करायला हवं. कलामांच्या नावाशी जोडलं गेलेलं एसएलव्ही-३ हे उपग्रह अवकाशात नेणारं, चारही टप्पे घन इंधनाचे असलेलं, सुमारे १७ टन वजनाचं यान. त्या इंधनामागे वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. गोवारीकर आपल्या पुण्याचे, पण आजच्या किती मराठी मुलांना त्यांचं नाव ठाऊक आहे? १९९८ च्या पोखरणच्या चाचण्यांत स्फोटकांची रचना हे भाभा अणुसंशोधन केंद्राचं काम होतं. राजगोपाल चिदंबरम, अनिल काकोडकर ही त्यातली नावं. छायाचित्रांत मात्र ठसला तो कलामांचा चेहरा. १९८३ मध्ये सुरू झालेल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात पाच क्षेपणास्त्रं होती: पृथ्वी, अग्नी, आकाश, त्रिशूल, नाग. पृथ्वी १९८८ मध्ये उडालं, अग्नी १९८९ मध्ये. आकाश सैन्यदलांपर्यंत पोचायला जवळपास तीन दशकं गेली, नाग त्याहूनही रखडलं, आणि त्रिशूल तर कधी पोचलंच नाही. एका माणसाच्या नावाने संपूर्ण संस्थेचं श्रेय लिहिलं की तिथल्या शेकडो माणसांवर अन्याय होतो, आणि त्या संस्थेच्या अपयशांवर पांघरूणही पडतं. हे सगळं खरं आहे.

पण यातून सिद्ध काय होतं? कलाम एकटे नव्हते, एवढंच. रॉकेट एकट्याने बनतच नसतं. धातू वेगळ्या गावात तयार होतो, यानाची दिशा सांभाळणारा जायरोस्कोप वेगळ्या प्रयोगशाळेत, इंधन तिसऱ्याच शहरात. या सगळ्यांच्या चुका एकमेकींना गुणू नयेत म्हणून मध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि त्या माणसाला प्रत्येक विषयातलं निदान इतकं कळावं लागतं की समोरचा कधी खरं बोलतोय आणि कधी आशेवर बोलतोय ते ओळखता यावं. याला फक्त व्यवस्थापन म्हणून उडवून लावणारा माणूस कधी साध्या पुलाच्या कामावरही उभा राहिलेला नसावा. त्या कामाची कसोटी काय असते ते एका दिवसाच्या गोष्टीतून दिसतं. ती गोष्ट कलाम स्वतः जन्मभर सांगत राहिले आणि आपण ती जन्मभर अर्धीच ऐकली.

तो दिवस १० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटा. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण, प्रकल्प संचालक कलाम. काउंटडाऊनच्या शेवटच्या मिनिटांत संगणकाने प्रक्षेपण रोखलं, कारण एक घटक ठीक नव्हता. नियंत्रण यंत्रणेत गळती होती. भोवती बसलेल्या तज्ज्ञांनी आकडे पाहिले आणि सांगितलं की साठा पुरेसा आहे, चिंता नको. कलामांनी संगणकाला बाजूला सारलं आणि यान सोडलं. पहिला टप्पा नीट पार पडला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रण सुटलं आणि उपग्रह कक्षेत जाण्याऐवजी बंगालच्या उपसागरात गेला. त्यानंतर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन पत्रकारांसमोर गेले, अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली आणि माझ्या माणसांवर माझा विश्वास आहे असं सांगितलं. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, रोहिणी उपग्रह कक्षेत गेला आणि त्या दिवशी धवनांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठवलं.

ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते ती धवनांच्या मोठेपणाची म्हणून. ती तशी आहेच. पण गेल्या वर्षी एका शाळेत मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, तिथे आठवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, ‘सर, पण संगणक थांबा म्हणत होता, तर त्यांनी ऐकलं का नाही?’ सभागृहात क्षणभर शांतता झाली आणि मग सूत्रसंचालकांनी वेळ संपत आल्याचं सांगितलं. तिला मी धड उत्तर देऊ शकलो नाही. या लेखात मी जे म्हणतोय ते बहुतेक तिच्या प्रश्नातूनच आलेलं आहे. अपयश आलं की धीर सोडू नका, एवढाच या गोष्टीचा अर्थ नाही. थांबण्याची खूण मिळाली असताना, आजूबाजूची शहाणी माणसं चला म्हणत असताना, हातात निर्णय असलेल्या माणसाने काय करायचं, हा त्यातला खरा प्रश्न आहे. कलामांच्या आयुष्यात हा प्रश्न किमान चार वेळा आला. दोनदा रॉकेटच्या रूपात आणि दोनदा राज्यघटनेच्या.

दुसरी वेळ अग्नीची. १९८९ चा एप्रिल. देशभर उत्सुकता, परदेशांतून दबाव, कारण दोनच वर्षांपूर्वी सात देशांनी मिळून क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाची दारं बंद केली होती. उड्डाणाला काही सेकंद उरलेले असताना संगणकाने थांबवलं. या वेळी थांबले. दुरुस्ती झाली, मे महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा शेवटच्या सेकंदांत थांबवावं लागलं. पुन्हा थांबले. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं आली, टिंगल झाली. सारा देश हसत असताना हातातलं बटण न दाबणं किती अवघड असेल याची कल्पना करून पाहा. २२ मे रोजी अग्नी उडालं. दहा वर्षांपूर्वी खूण डावलणारा माणूस आता ती पाळत होता, आणि त्यासाठी होणारी थट्टा सोसत होता. त्या प्रकल्पाच्या यशापेक्षा मला ही दोन थांबणी मोठी वाटतात.

आता राष्ट्रपती भवन. २००२ मध्ये कलामांचं नाव पुढे आलं तेव्हा डाव्या पक्षांनी लक्ष्मी सहगल यांना उभं केलं. नेताजींच्या झाशीची राणी पलटणीच्या प्रमुख, पेशाने डॉक्टर. त्या वेळी कलामांच्या विरोधात मांडला गेलेला सर्वांत भक्कम मुद्दा असा होता की हे पद राज्यघटना जाणणाऱ्या, राजकारणाचे डाव ओळखणाऱ्या माणसाचं आहे; प्रयोगशाळेतल्या सज्जन माणसाला तिथे बसवलं तर सरकारं त्याला सहज गुंडाळतील. निकाल एकतर्फी लागला, ९,२२,८८४ विरुद्ध १,०७,३६६ मतमूल्य. मतमोजणी १८ जुलैला झाली, रोहिणी कक्षेत गेल्याला बरोबर बावीस वर्षं होत होती. पण एवढ्या मताधिक्याने तो मुद्दा खोटा ठरत नाही. उलट तो किती खरा आहे ते तीन वर्षांनी दिसलं.

२००५ च्या फेब्रुवारीत बिहारमध्ये त्रिशंकू विधानसभा आली, मार्चमध्ये राष्ट्रपती राजवट लागली. मे महिन्यात नितीशकुमारांकडे बहुमत जमू लागल्याची चिन्हं दिसताच राज्यपाल बुटासिंग यांनी आमदारांच्या घोडेबाजाराचा अहवाल पाठवला, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने रात्री उशिरा विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस केली. राष्ट्रपती त्या वेळी मॉस्कोच्या दौऱ्यावर होते. कागद तिकडे गेले, मध्यरात्रीच्या सुमारास सही झाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हे विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. ऑक्टोबरमध्ये थोडक्यात आदेश आला, सविस्तर निकाल जानेवारी २००६ मध्ये. न्यायालयाचे ताशेरे राज्यपालांवर आणि मंत्रिमंडळावर होते, राष्ट्रपतींवर नव्हते. तरी कलामांनी नंतर आठवणींत लिहिलं आहे की निकालाने ते अस्वस्थ झाले, राजीनाम्याचं पत्र तयार ठेवलं, आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी गळ घातल्यावर थांबले.

कलामांचे चाहते इथे म्हणतात, राष्ट्रपती काय करणार? मंत्रिमंडळाचा सल्ला त्याच्यावर बंधनकारक असतो. अर्धं खरं आहे. घटनेच्या ७४ व्या कलमानुसार राष्ट्रपती एकदा सल्ला फेरविचारासाठी परत पाठवू शकतो; पुन्हा तोच सल्ला आला तर मात्र मान्य करावा लागतो. आणि हे फक्त पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. कलामांच्या आधीचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंग सरकारविरुद्धची शिफारस परत पाठवली होती आणि १९९८ मध्ये याच बिहारमधल्या राबडीदेवींच्या सरकारविरुद्धची. दोन वेगळ्या सरकारांच्या दोन शिफारसी, दोन्ही परत. एक रात्र मॉस्कोत थांबून, दिल्लीत परतल्यावर पाहू, असं म्हणायला कलामांना कुणी अडवलं नव्हतं. मध्यरात्री घाईघाईने आलेल्या कागदावर राष्ट्रपतींनी सही करण्याचा अनुभव या देशाने २५ जून १९७५ ला, आणीबाणीच्या वेळी, घेतलेला आहे. दोन्ही प्रसंगांची तीव्रता सारखी मुळीच नाही, आणि तेव्हा सही करणाऱ्या फक्रुद्दीन अली अहमद यांच्या रांगेत कलामांना बसवणं अन्यायाचं होईल. घाई मात्र त्याच जातीची होती. जिथे घाई असते तिथेच थांबण्याच्या अधिकाराची गरज सर्वाधिक असते. एरवी त्या अधिकाराचं काम काय?

मला यात १० ऑगस्ट १९७९ दिसतो. खूण मिळालेली होती: वेळ अवेळ, राज्यपालांचा अहवाल, बहुमत जमतंय अशा बातम्या. तज्ज्ञ चला म्हणत होते. त्यांनी प्रश्न विचारले आणि मग तज्ज्ञांवर विसंबले. फरक एकच, की या वेळी पत्रकारांसमोर जाऊन ‘चूक माझी’ म्हणणारा सतीश धवन सरकारात कुणी निघाला नाही. प्रयोगशाळेतून आलेल्या माणसाला राजकारणात जे खरोखर उणं पडतं ते घटनेचं ज्ञान नसतं, ते पुस्तकातून मिळतं. उणी पडते ती अशी वरिष्ठ माणसं, जी खालच्याचं अपयश स्वतःच्या अंगावर घेतात. इस्रोमध्ये तो रिवाज होता. दिल्लीत नव्हता.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि कलामांचे टीकाकार नेमके इथेच पुस्तक मिटतात. बिहारचा सविस्तर निकाल आल्यावर चार महिन्यांत त्यांच्यासमोर लाभाच्या पदांचं विधेयक आलं. खासदाराने सरकारकडचं लाभाचं दुसरं पद घेतलं, आणि त्या पदाला कायद्याने सूट नसेल, तर त्याची खासदारकी जाते. त्या वर्षी मार्चमध्ये जया बच्चन यांची राज्यसभेतली जागा गेली होती, सोनिया गांधींनी लोकसभेचा राजीनामा दिला होता, आणि सगळ्याच पक्षांचे खासदार धास्तावले होते. म्हणून संसदेने पन्नासहून अधिक पदांना सूट देणारा, आणि तोही १९५९ पासून मागे लागू होणारा, कायदा मंजूर करून टाकला. ३० मे २००६ रोजी राष्ट्रपतींनी तो परत पाठवला. सर्व राज्यांना सारखा लागू पडेल असा न्याय्य निकष ठरवा, आणि मागे जाऊन सूट देणं कितपत योग्य आहे याचा विचार करा, असा त्यांचा आग्रह होता. या वेळी चला म्हणणारे नुसते तज्ज्ञ नव्हते, दोन्ही सभागृहं होती. तरीही ते थांबले. बिहारमध्ये न वापरलेला अधिकार त्यांनी इथे वापरला, आणि कारणं कागदावर लिहून वापरला. संसदेने विधेयक तसंच्या तसं पुन्हा पाठवलं, आणि ऑगस्टमध्ये त्यांना सही करावी लागली. घटनेने तिथे दुसरा पर्याय ठेवलेलाच नाही. लोक म्हणतात, मग उपयोग काय झाला? उपयोग असा की एक सोयीचा कायदा गुपचूप व्हायचा होता तो उजेडात झाला, आणि निकष ठरवण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमावी लागली. उड्डाण थांबवल्याने यान सुधारतंच असं नाही. पण न थांबवता ते सुधारायची शक्यताच नसते.

१९७९ नंतर १९८९, तसं २००५ नंतर २००६. मला कलामांच्या सार्वजनिक आयुष्याचा आकृतिबंध हा दिसतो, आणि त्यात दैवी काही नाही. हा शिकणारा माणूस होता, चुकून शिकणारा. रामेश्वरमचा होडीवाल्याचा मुलगा, पहाटे वर्तमानपत्रं वाटणारा, मद्रासच्या तंत्रशिक्षणाच्या फीसाठी बहिणीने सोनं गहाण ठेवलं तो, वायुदलात वैमानिक व्हायला गेला आणि आठ जागांसाठी नववा आला तो. ही कहाणी सांगायलाच हवी. गरीब घरातल्या, त्यातही मुस्लिम घरातल्या मुलामुलींसाठी तिचं मोल मी कमी लेखणार नाही. भक्तीने एवढं तरी दिलं, असं कुणी म्हणालं तर मला ते मान्य आहे. राष्ट्रपती झाल्यावर काही आठवड्यांतच ते दंगलींनी होरपळलेल्या गुजरातेत गेले, मदत छावण्यांत गेले, हेही मला विसरता येत नाही. पण भक्ती त्या माणसातून नेमका शिकण्याचा भाग काढून टाकते. जो कधी चुकलाच नाही त्याच्याकडून मुलांनी शिकायचं काय?

आता त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत अवघड भाग, आणि इथे माझं मत त्यांच्या विरुद्ध जातं. दयेच्या अर्जांवर त्यांनी जवळजवळ निर्णयच घेतले नाहीत. २००४ मध्ये धनंजय चॅटर्जीचा अर्ज फेटाळला गेला आणि १४ ऑगस्टला त्याला कोलकात्यात फाशी झाली. एका प्रकरणात फाशीची जन्मठेप झाली. बाकी वीसहून अधिक अर्ज पाच वर्षांनंतर तसेच मागे राहिले. फाशीच्या प्रकरणांत सामाजिक आणि आर्थिक पक्षपात दिसतो, असं त्यांनी पुढे सांगितलं. फार मोलाचं निरीक्षण आहे ते, आणि पुष्कळ वकील-अभ्यासकांनी ते उचलून धरलं. पण ज्याला हे दिसलं होतं त्याच्याच हातात लेखणी होती. ते थांबले हे मी इतका वेळ कौतुकाने सांगतोय, मग इथे तक्रार का? कारण प्रक्षेपणतळावरचं थांबणं आणि फाइल कपाटात ठेवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तळावर थांबवलं तर कारण नोंदवलं जातं, दुरुस्ती कुणी करायची ते ठरतं, नवी तारीख पडते. इथे कारण नाही, तारीख नाही, आणि कोठडीत एक माणूस रोज पहाटे पावलांचे आवाज ऐकत बसलेला. अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवणं हीच एक यातना आहे आणि फाशी रद्द करायला ती पुरेशी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये पंधरा जणांची फाशी रद्द करताना सांगितलं.  संवेदनशील माणसाने घेतलेला हा सर्वांत वाईट मार्ग होता, असं मला मनापासून वाटतं, आणि मला ते लिहिताना आनंद होत नाही.

‘म्हणूनच शास्त्रज्ञांनी राजकारणात पडू नये’ असं म्हणणाऱ्यांना इथे जोर चढेल. त्यांच्याकडे दाखले आहेत. लाप्लास हा त्याच्या काळातला मोठा गणिती. नेपोलियनने १७९९ मध्ये त्याला गृहमंत्री केलं आणि सहा आठवड्यांत काढलं. राज्यकारभारात हा अतिसूक्ष्म राशींचं गणित घेऊन आला, अशी नेपोलियनची पुढची तक्रार. आइनस्टाइनला १९५२ मध्ये इस्रायलचं अध्यक्षपद देऊ केलं, तेव्हा माणसांशी नीट वागण्याचा स्वभाव आणि अनुभव आपल्याकडे नाही असं सांगून त्यांनी नम्रपणे नकार दिला. पण ते पद रिकामं झालं होतं ते चाइम वाइझमन यांच्या निधनाने, आणि वाइझमन हे रसायनशास्त्रज्ञच होते. पहिल्या महायुद्धात जिवाणूंकडून अ‍ॅसिटोन तयार करून घेणारे, आणि दशकानुदशकं एका चळवळीचं राजकारण पेलणारेही. मग शास्त्रज्ञ राजकारणात चालतो की नाही? याच्या उलट ‘शास्त्रज्ञच देश चालवू दे’ म्हणणारे अँगेला मर्केल यांचं नाव घेतात. क्वांटम रसायनशास्त्रात डॉक्टरेट, सोळा वर्षं जर्मनीच्या चॅन्सेलर, करोनाकाळात एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा १.१ वरून १.२ झाला तर रुग्णालयं किती आधी भरतील हे लोकांना साध्या भाषेत समजावणाऱ्या. पण त्याच मर्केल यांनी २०१० मध्ये अणुभट्ट्यांचं आयुष्य वाढवलं आणि फुकुशिमानंतर काही महिन्यांत ते फिरवलं. जर्मनीतल्या अणुभट्ट्यांचं भौतिकशास्त्र त्या काही महिन्यांत बदललं नव्हतं. बदललं होतं ते लोकांचं मन, आणि लोकशाहीत तेही एक कारणच आहे. म्हणजे पदवीने काहीच ठरत नाही. नारायणन शास्त्रज्ञ नव्हते, ते मुत्सद्दी होते, आणि थांबण्याचा अधिकार त्यांनी कलामांपेक्षा आधी आणि अधिक सराईतपणे वापरला.

मग प्रयोगशाळेतून येणारा माणूस बरोबर काय आणतो? आणलंच तर एक सवय. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेतल्या एका अस्थितज्ज्ञाने क्षेपणास्त्रासाठी बनवलेला हलका संमिश्र पदार्थ हातात घेऊन पाहिला आणि कलामांना आपल्या रुग्णालयात नेलं. तिथे पोलिओ झालेली मुलं तीन-तीन किलोचे धातूचे कॅलिपर पायांना बांधून फरपटत चालत होती. काही आठवड्यांत तीनशे ग्रॅमचा कॅलिपर तयार झाला. क्षेपणास्त्रांपेक्षा यातून आपल्याला जास्त आनंद मिळाला, असं कलाम सांगत. यात कोणता सिद्धान्त आहे? कोणता शोधनिबंध? ओझं तीन किलोंचं आहे हे पाहिलं, आपल्याकडच्या पदार्थाचं वजन पाहिलं, आणि दोन्हीची गाठ घालून दिली. ज्याला हे दुय्यम वाटतं त्याने ते तीन किलो एकदा पायाला बांधून जिना चढून पाहावा.

आपल्या सार्वजनिक जीवनात ही सवय कुठे आहे? पूल पडतो, चौकशी समिती बसते, अहवाल येत नाही किंवा आलेला दिसत नाही. योजना फसते, नाव बदलून नवी येते. कुणी धवन होऊन पुढे येत नाही, कुणी कलाम होऊन ‘यंत्र थांबा म्हणत होतं आणि मी ऐकलं नाही’ असं जन्मभर स्वतःच्या तोंडाने सांगत फिरत नाही. ते सांगत फिरले, हे आपण का लक्षात घेत नाही? माणसाला देवत्व मिळालेलं असताना, देशाचं सर्वोच्च पद भूषवून झालेलं असताना, हजारो मुलांसमोर तो स्वतःच्या सर्वांत महागड्या चुकीचा किस्सा सांगतो. आणि आपण त्यातून फक्त ‘खचू नका’ एवढंच घेऊन घरी येतो.

यंदा त्याच शाळेने मला पुन्हा बोलावलं आहे. फलकावर विषय ‘डॉ. कलाम: एक महान शास्त्रज्ञ’ असा लिहिणार होते, मी तो बदलून ‘१० ऑगस्ट १९७९’ एवढाच ठेवायला सांगितला, आणि मुख्याध्यापकांनी तो ठेवला. ती मुलगी आता नववीत गेली असेल. मागच्या वेळी अर्धवट राहिलेल्या तिच्या प्रश्नापासूनच सुरुवात करायची आहे.